पहिलं पाणी

शेजारच्या मावशी चर्चचे कपडे सोमवारी धूत. सगळे कपडे एका बादलीत जात नसत. वेदीवर अंथरायचा एक चौकोनी पांढरा रुमाल असे. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी प्रसादाची गव्हाची पातळ चकती आणि द्राक्षरसाचा पेला त्याच्यावर ठेवत. तो रुमाल मावशी आधी एका पितळी गंजात बुडवत, साध्या पाण्यात, साबण न लावता. गंजातलं ते पहिलं पाणी मोरीत जात नसे. मावशी ते परसातल्या डाळिंबाच्या बुंध्याशी ओतत. त्यानंतर रुमाल इतर कपड्यांबरोबर साबणात पडे.

परस दोन्ही घरांचं एकच होतं. आमच्या बाजूला वांगी, मेथी आणि मिरचीचे वाफे होते, त्यांच्या बाजूला धुण्याचा दगड आणि ते डाळिंब. आईनं एकदाच विचारलं होतं. तेव्हा मी शाळकरी होतो, पण संवाद नीट आठवतो, कारण तो फार थोडक्यात आटोपला.

“थे पाणी तिकडं काऊन टाकता वं ताई?”

“त्याच्यात कण असन.”

“कायचा?”

“देवाचा.”

“मंग बराबर आहे,” आई म्हणाली आणि मेथी खुडायला लागली.

त्या दिवसापासून आमच्या घरात डाळिंबाचा नियम झाला. बुंध्याशी पाय द्यायचा नाही, फळ तोडायचं नाही. देवाच्या अभिषेकाचं पाणी ओलांडत नाहीत, इतकंच तिनं कारण दिलं. देव कोणाचा, हा प्रश्न तिला पडला नाही. मला पडला, आणि पुढे बराच काळ पडत राहिला.

नांदुऱ्याच्या अलीकडे रेल्वेलाइनच्या कडेला आमची वस्ती. चर्च म्हणजे कौलारू छपराची एक लांब खोली, बाजूला मिशनचा दवाखाना. येणारे दोन प्रकारचे. रेल्वे क्वार्टरमधली काही कुटुंबं गोव्याकडची आणि दक्षिणेकडची होती. बाकीची गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, दोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेली. मावशी या दुसऱ्यांतल्या. त्यांची आई दुष्काळात मिशननं वाढवलेलं लेकरू होती आणि नवरा रेल्वेत रूळ बदलणारा सांधेवाला होता. तो गेल्यावर चर्चचे कपडे हे त्यांचं काम झालं. या कामाचा पगार नव्हता. मावशी शिलाईवर पोट भरत.

जुने फादर परदेशी होते. त्यांच्या वेळची मिस्सा मी खिडकीतून आणि पुढे दारातून पाहिली होती. ते लोकांकडे पाठ करून वेदीसमोर उभे राहत आणि लॅटिनमध्ये बोलत. लोक चपला बाहेर काढून येत, जमिनीवर बसत, घंटी वाजली की कपाळ फरशीला टेकत. वेदीपुढे सागवानी कठडा होता. त्याच्याशी गुडघे टेकून लोक जिभेवर प्रसाद घेत. बाहेर पडताना वस्तीतली माणसं चार पावलं उलटी चालत, जशी आमच्याकडे दर्ग्यातून किंवा समाधीवरून निघताना चालतात. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. क्वार्टरमधली माणसं सरळ वळून निघत.

आणखी एक रीत गावाला माहीत होती. कोणी आजारी असलं की फादर प्रसादाची डबी छातीशी धरून त्याच्या घरी पायी जात. पुढे एक जण घंटी वाजवत चाले. त्या वाटेवर फादर कोणाशी बोलत नसत. एरवी गावाशी हिंदीत थट्टा करणारा माणूस रामराम घातला तरी मान वर करत नसे. लोक बाजूला होत. “पादरी देव घेऊन चालला,” एवढंच म्हणत.

महाराष्ट्र होऊन काही वर्षं झाली होती. मी अकोल्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून काम करू लागलो होतो. जुने फादर गेले आणि वसईकडचे एक तरुण फादर आले. ते युरोपात शिकून आले होते. त्यांचं मराठी स्वच्छ होतं आणि ते सायकलवर फिरत. महिन्याभरात संपादकांची चिठ्ठी आली: तुमच्याकडच्या पाद्र्यानं तोंड फिरवलं म्हणतात, पाहून चार ओळी पाठवा.

रोमहून उपासनेच्या नव्या रीती आल्या होत्या. पाहिलं ते असं. वेदी भिंतीपासून पुढे ओढली होती आणि फादर तिच्यामागे, लोकांकडे तोंड करून उभे होते. मिस्सा मराठीत होती. इतकी वर्षं न कळता दिलेली उत्तरं आता कळून देताना लोक अडखळत होते. बाहेर आल्यावर एक म्हातारा सांधेवाला दुसऱ्याला म्हणाला, “मले वाटे का लॅटिनमधी आपुन काही मोठं मांगून राह्यलो. हे तं नुसतं ‘दया कर’ निघालं.”

“दया लहान हाय का बे?”

“तसं नाई. पण लॅटिनमधी मोठी वाटे.”

मावशींना मराठी आवडली. त्यांनी ते आईला सांगितलंही. त्यांचं अडलं ते इतर ठिकाणी. पूर्वी प्रसाद घेणारा मध्यरात्रीपासून निर्जळी राहत असे. मधल्या काळात ते तीन तासांवर आलं होतं, पण मावशींनी जुनी रीत सोडली नव्हती. आता फादरनी वेदीवरून सांगितलं की एक तासाचा उपास पुरे. आईला हे कळलं तेव्हा ती परसात हसली.

“एका तासाचा उपास? आमची म्हैस याच्याहून लांब धरते.”

“हसू नोको वं. रोमहून आलं हाय थे.”

“रोमातल्या म्हशीची गोष्ट येगळी असन.”

मावशीही हसल्या आणि पुढच्या रविवारीही निर्जळीच गेल्या.

मग कठडा निघाला. फादरनी तो फेकला नाही. सुताराकडून त्याचे दोन बाक करून घेतले आणि दवाखान्याच्या ओसरीत मांडले, रोग्यांना बसायला. प्रसाद आता रांगेत उभ्यानं घ्यायचा होता. कठडा काढण्यामागचं कारण मी त्यांना विचारलं, कारण बातमीला कारण लागतं. त्यांनी मला चर्चमध्ये नेलं आणि फरशीवर कठड्याच्या खुणा दाखवल्या.

“मधल्या भागात कोण गुडघे टेकायचं, तुम्ही पाहिलंय?”

पाहिलं होतं. मधे क्वार्टरमधली कुटुंबं, दोन्ही कडांना वस्तीतली. मधल्यांना आधी मिळे.

“कोणी नियम केला नव्हता,” फादर म्हणाले. “म्हणून तो मोडताही येत नव्हता. आता एक रांग आहे. जो आधी येईल तो आधी. देवाचा मान राखायचा आणि शेजाऱ्याला कडेला ढकलायचं, हे मला एकत्र जमत नाही.”

मी विचारलं, “त्या चकतीच्या कणात देव असतो, असं शेजारच्या बाई मानतात. तुम्ही मानता का?”

“तुम्ही हो किंवा नाही मागताय.”

“बातमीदाराला तेच लागतं.”

ते म्हणाले, “असतो. पण मला शिकवलेला प्रश्न तो कुठे असतो हा होता. मी आता विचारतो तो प्रश्न, तो कशासाठी असतो. भाकरी मोडतात ती वाटण्यासाठी. कण मोजत बसलं तर वाटायचं राहून जातं. हे सगळं आम्ही एकत्र जेवायला बसतो, असं पाहा. चकतीला आम्ही ख्रिस्ताचं शरीर म्हणतो, पण एकत्र जमलेली माणसं हीसुद्धा त्याचंच शरीर आहेत.”

मी चार ओळी पाठवल्या. त्यांत कठड्याचे बाक झाल्याचं आलं, बाकीचं बसलं नाही.

संध्याकाळी मावशींना कडांचं आणि मधल्यांचं ते कारण सांगितलं. त्या मशीनवर बसल्या होत्या. पाय थांबवला नाही.

“खरं हाय त्याइचं. मी कडेलेच टेकत होती. बाप्पा, पण टेकत तं होती.”

पुढचं झालं ते फादरच्या चांगुलपणातून. सोड्यानं मावशींच्या हातांना भेगा पडत. फादरनी एकदा ते हात पाहिले, दवाखान्यातून मलम आणून दिलं आणि चर्चचे कपडे परटाकडे लावून दिले. सगळे, त्या चौकोनी रुमालासकट. मावशी म्हणाल्या, बाकीचे जाऊ द्या, रुमालाचं पहिलं पाणी मी काढून देते. फादर म्हणाले, “आई, तुम्ही आता हातांना विश्रांती द्या. देव परटाच्या घाटावरही आहे.” सोमवारी परसातला दगड कोरडा राहिला. आईनं त्यावर मिरच्या वाळत घातल्या नाहीत. जागा तशीच ठेवली.

मावशी तरी रविवारी जात होत्या. उभ्यानं प्रसाद घेणं त्यांना जमेना. फादरनी सांगितलं होतं की ज्याला गुडघे टेकायचे त्यानं टेकावेत, मनाई नाही. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपासकाळ असतो; तो लागण्याआधीच्या एका रविवारी त्या रांगेतून पुढे गेल्या आणि भुईवर गुडघे टेकले. मी त्या दिवशी दारात होतो. मागचा माणूस त्यांच्यावर अडखळला. प्रसाद घेण्याआधीच त्यांचा तोल गेला, हात आधाराला कठडा शोधत पुढे आला आणि तो तिथे नव्हता. फादरनी एका हातानं त्यांना सावरलं. दुसऱ्या हातातली चकती खाली पडली.

क्वार्टरमधल्या एका बाईनं “जेझू” म्हणून येशूला हाक मारली.  फादर वाकले, चकती उचलली, स्वतःच्या तोंडात घातली आणि मावशींसाठी दुसरी पुढे केली. मावशी त्या जागेकडे पाहत होत्या. त्यांनी तोंड उघडलं नाही. उठल्या आणि मागे जाऊन बसल्या.

मिस्सेनंतर त्या फादरजवळ गेल्या.

“फादर, थे जागा धुवा लागते. जुने फादर वरून रुमाल टाकत, मंग धूत.”

“मी पाहिलं आई, काही राहिलेलं नाही तिथे.”

“तुमाले दिसलं नाई म्हणता.”

“नाही राहिलं.”

“लोकाइचे पाय पडतीन त्याच्यावर.”

फादर हळू आवाजात म्हणाले, “त्याच लोकांसाठी तो आला होता ना?”

मावशी चार पावलं उलट्या चालत दारापर्यंत आल्या. ती जागा टाळून चालल्या. त्यानंतर त्या रविवारी जात, पण शेवटी दाराशी बसत आणि प्रसादाला उठत नसत.

यात धोका काय होता, ते आईनं मला विचारलं आणि मी क्वार्टरमधल्या एका गार्डाला विचारून तिला सांगितलं. कॅथलिक माणसानं वर्षातून एकदा तरी, ईस्टरच्या सुमारास, प्रसाद घेतलाच पाहिजे. ते चुकलं तर मोठं पाप समजतात. ईस्टर तेव्हा दीडेक महिन्यावर होता.

“म्हणजे उपाशी बसली थे,” आई म्हणाली. “जन्मभर उपास धरला अन् आता जेवाच्या दिवशी उपाशी.”

होळीनंतर मावशी धुण्याच्या दगडाजवळ पडल्या. खुबा मोडला. खामगावला नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, या वयात निजूनच राहावं लागेल. त्यांची बाज ओसरीत टाकली, कारण आत उकडत होतं. आई सकाळ-संध्याकाळ भाकरी नेऊन देई. फादर जवळजवळ रोज येत. सोनाळ्याकडची संत्री आणत, सोलून देत, मशीनच्या तेलापासून पोपच्या तब्येतीपर्यंत गप्पा मारत. प्रसादाचं तेही काढत नसत आणि मावशीही नाही. एकदा मी वाटेत त्यांना विचारलं.

“मी आणून दिला तर ती घेईल, मला वाईट वाटू नये म्हणून,” ते म्हणाले. “तसं मला नको आहे. तिनं मागायला हवं.”

इकडे मावशी आईला म्हणत होत्या, “मांगू कसा? त्याले वाटन बुढी हट्टानं जिंकली. अन् तो सायकलीवर आणते, खिशात घालून. वाटेत साऱ्याइले रामराम करते. मी पाह्यलं हाय.”

ते खरं होतं. घंटी त्यांनी बंद केली होती. आजाऱ्याकडे जाताना डबी सदऱ्याच्या खिशात असे आणि ते सायकलवरून हात उंचावून प्रत्येकाला उत्तर देत. देव घेऊन चाललेला माणूस लोकांशी बोलत नाही, हे त्यांना उलटं वाटे. तसं ते मला म्हणालेही होते.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आईनं त्यांना परसात गाठलं. मी वाफ्यांना पाणी देत होतो.

“फादर, तुमी त्याले जेवण म्हणता ना?”

“म्हणतो.”

“मंग जेवणाची बी रीत असते. आमच्यात भाकरीचा कुटका पडला तं उचलून कपायाले लावते माणूस. घरातलं लेकरू बी लावते. कोणी सांगत नाई त्याले.”

फादर हसले. “आमच्या घरीही लावायचे. माझी आजी पावाचा तुकडा पडला की मुका घ्यायची.”

“मंग?”

“मग त्याच घरात गड्याला पाव बाहेर, हातावर टाकून द्यायची. वरून. मुका घेऊन झाल्यावर.”

 वडनेर भोलजीला आईच्या माहेरीही गड्याला भाकरी वरूनच टाकत. ते तिला माहीत होतं आणि मलाही.

“हाव,” ती म्हणाली. “थे बी खरं हाय. पण ताईनं कोणाले वरून टाकली नाई. तिलेच टाकत होते.”

फादर सायकल घेऊन गेले.

गुरुवारी सकाळी आईनं सांगितलं की मावशींनी प्रसाद मागितला आहे. दोघींत काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. आईनं विचारून विचारून तयारी केली: स्टुलावर धुतलेलं पांढरं कापड, मेणबत्ती, वाटीत पाणी. न विचारता तिनं दारात रांगोळी काढली. ओसरी शेणानं सारवली होती.

मी फाटकापाशी उभा होतो. फादर चर्चकडून आले ते पायी. उजवा हात सदऱ्यावर, छातीशी. चहाच्या टपरीवरून कोणीतरी रामराम घातला. ते पुढे चालत राहिले. लोहारानं भाता थांबवून “फादर, आज सायकल?” म्हटलं, त्यालाही उत्तर नाही. फाटकात मी रामराम केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रांगोळी वाचवून आत गेले.

बाज जमिनीपासून हातभर उंच असेल. उभ्यानं वाकून मावशींच्या तोंडापर्यंत पोचणं अवघड होतं. फादरनी सारवलेल्या जमिनीवर दोन्ही गुडघे टेकले, मराठीत थोडं म्हटलं आणि चकती त्यांच्या जिभेवर ठेवली. ते बाजेच्या उंचीमुळे टेकले की आणखी कशामुळे, हे सांगता येत नाही. मी दोन्ही शक्यता नोंदवतो.

मावशींचे डोळे मिटलेले होते. फादरनी वाटीत बोटं बुडवून धुतली, स्टुलावरचं कापड आतल्या बाजूला घडी घालून हातात घेतलं आणि आईकडे पाहिलं. आई आतून पितळी गंज घेऊन आली. तो तिनं आधीच घासून ठेवला होता. त्यांनी वाटीतलं पाणी गंजात ओतलं, वर आणखी पाणी घेतलं, त्यात कापड बुडवलं, पिळलं.

“कुठे?” त्यांनी विचारलं. सकाळपासूनचा त्यांचा पहिला साधा शब्द.

आईनं डाळिंब दाखवलं. ते बुंध्याशी गेले, पाणी हळूहळू ओतलं, गंज उपडा करून ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “रामराम.”

आई ओसरीत आली तेव्हा मावशींनी डोळे न उघडता विचारलं, “पाणी?”

“डायिंबाले.”

“कोणं टाकलं?”

“त्यानंच.”

मावशींना थोड्या वेळानं झोप लागली. दुपारी उठल्यावर त्यांनी चहा मागितला आणि साखर कमी पडली म्हणून आईला दोन शब्द सुनावले.

संध्याकाळी मी फादरना दवाखान्याच्या ओसरीत गाठलं. ते कठड्याच्या त्या बाकावर बसले होते, शेजारी एक मलेरियाचा रोगी. मी विचारलं, पाणी डाळिंबाला ओतलं ते त्या बाईंसाठी, की त्या पाण्यात काही आहे असं वाटल्यामुळे.

“तुम्ही पुन्हा हो किंवा नाही मागताय.”

“आणि वाटेत बोलला नाहीत, ते?”

“ते तिला दिसणार नव्हतं, नाही का?” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात मलाच विचारल्यासारखं काही होतं. मग रोग्याच्या कपाळाला हात लावून त्यांनी कंपाउंडरला हाक मारली.

ईस्टरला चर्चमध्ये एकच रांग होती आणि प्रसाद उभ्यानंच दिला. सोमवारी कपडे परटाकडे गेले, चौकोनी रुमालासकट. पुढच्या गुरुवारी फादर पुन्हा मावशींकडे आले, पायी. गंज आईनं घासून ठेवला होता.